भिलारचा शनिवार-रविवार : पुस्तकांच्या गावाला कोणी, केव्हा आणि कसे जावे

पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यान असलेल्या भिलारला बहुतेक पर्यटक एखाद्या ‘पॉइंट’ला द्यावा तेवढाच वेळ देतात. गाडी थांबते, रंगवलेल्या भिंतीपुढे छायाचित्रे निघतात, एखाद्या घरात डोकावून पुस्तके विकत मिळतात का अशी चौकशी होते, नाही असे उत्तर आले की मंडळी पुन्हा गाडीत बसतात, आणि घरी परतल्यावर तेथे बघण्यासारखे फारसे काही नाही असा अभिप्राय देतात. हा अभिप्राय तसा चुकीचा नाही. भिलारमध्ये बघण्यासारखे खरोखरच फारसे काही नाही. जे आहे ते सगळे बसून वाचण्याचे आहे, आणि त्यासाठी निदान एक रात्र गावात किंवा गावाजवळ काढावी लागते. फाल्गुनाच्या उत्तरार्धातला एक शनिवार-रविवार आम्ही, म्हणजे आई, शाळकरी भाचा आणि मी, असा काढला. पुढचे परीक्षण त्या मुक्कामाच्या आधारे आहे.

‘पुस्तकांचं गाव’ या प्रकल्पाचे उद्घाटन ४ मे २०१७ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. राज्य शासनाच्या मराठी भाषा विभागाचा हा उपक्रम राज्य मराठी विकास संस्थेने उभा केला. प्रारंभी २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तके ठेवण्यात आली आणि पुढे ठिकाणेही वाढली, पुस्तकेही वाढली. ही ठिकाणे मुख्यतः गावकऱ्यांची राहती घरे आहेत. त्यांच्या जोडीला देऊळ, शाळा आणि पर्यटकांच्या निवासाच्या काही जागा आहेत. पुस्तके, कपाटे आणि टेबल-खुर्च्या संस्थेने दिल्या, भिंती बाहेरून आलेल्या चित्रकारांनी रंगवल्या. मात्र जागा, झाडलोट, देखरेख आणि आल्यागेल्याचे आतिथ्य हे सगळे घरच्यांचे आहे. वाचण्यासाठी कसलेही शुल्क आकारले जात नाही. स्वातंत्र्यसैनिक भि. दा. भिलारे गुरुजी याच गावचे; उद्घाटनानंतर काही आठवड्यांतच, त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, त्यांचे निधन झाले. एवढ्याशा गावात परक्या माणसाला घरात घेण्याची तयारी इतक्या कुटुंबांनी कशी दाखवली असेल, असा प्रश्न पडणाऱ्याने या गावाला सार्वजनिक कामाची जुनी सवय आहे हे ध्यानात घ्यावे.

प्रकल्पाची मूळ कल्पना वेल्सच्या सीमेवरील हे-ऑन-वाय या गावावरून घेतली, असे उद्घाटनाच्या वेळी सांगितले गेले होते. ही तुलना उपयोगी आहे, पण ती साम्यापेक्षा फरकामुळे. हे-ऑन-वायला रिचर्ड बूथ या गृहस्थाने १९६०च्या दशकाच्या आरंभी जुन्या पुस्तकांचे दुकान काढले, त्याच्या पाठोपाठ इतरांनी काढली, आणि त्या गावाचा संसारच जुन्या पुस्तकांच्या विक्रीवर उभा राहिला. तेथे १९८८ पासून दरवर्षी वसंताच्या अखेरीस भरणाऱ्या साहित्य महोत्सवाला जगभरातून माणसे येतात. भिलारमध्ये विक्री नाही, दुकान नाही आणि म्हणून घासाघीसही नाही. गावाचे पोट स्ट्रॉबेरीवर आणि पर्यटकांच्या मुक्कामावर चालते; पुस्तके त्या व्यवहाराच्या बाहेर आहेत. त्यामुळे येथील वाचनालयवजा घरांत आपल्याला कोणी गिऱ्हाईक म्हणून पाहत नाही, ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. याच कारणाने काही अडचणीही निर्माण होतात, त्यांच्याकडे पुढे येऊ.

प्रत्येक घराकडे एक साहित्यप्रकार सोपवलेला आहे. कादंबरी एका घरी, कविता दुसऱ्या घरी, संतसाहित्य, इतिहास, चरित्रे-आत्मचरित्रे, विनोदी लेखन, लोकसाहित्य, विज्ञान, स्त्रीसाहित्य, बालसाहित्य, दिवाळी अंक, निसर्ग आणि पर्यावरण, शिवकाल आणि गडकिल्ले, खेळ, स्पर्धा परीक्षा अशी ही वाटणी आहे. घराबाहेरच्या फलकावर प्रकार लिहिलेला असतो आणि भिंतीवरचे चित्रही त्याला धरून असते. कागदावर ही व्यवस्था थोडी शाळकरी वाटते. प्रत्यक्षात मात्र तिच्यामुळे गाव पायी फिरणे भाग पडते, कारण कवितेकडून इतिहासाकडे जायचे तर चपला घालून, चढ चढून, कोणाचे तरी अंगण ओलांडून जावे लागते. शहरातल्या ग्रंथालयात दोन कपाटांमधले अंतर चार पावलांचे असते. येथे ते पाच-दहा मिनिटांचे आहे आणि त्या मिनिटांत एखादे वासरू, वाळत घातलेली पापडाची चादर आणि ‘कुठनं आला?’ ही चौकशी हमखास भेटते. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी मात्र आधीच दोन-तीन जवळची घरे निवडून ठेवावीत, कारण गावातले रस्ते चढउताराचे आहेत.

आम्हाला सर्वांत आवडले ते दिवाळी अंकांचे कपाट. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची आहे, तरीही जुने अंक वाचायला मिळण्याची सोय आजही दुर्मीळच आहे. घरोघरी ते फराळाच्या डब्यांबरोबर येतात आणि उन्हाळ्याच्या आत रद्दीत जातात. पुस्तक छापले गेले की त्याची निदान एखादी प्रत कोठेतरी उरते. अंकातली कथा किंवा रिपोर्ताज पुस्तकात आला नाही तर तो वाचकापुरता संपलाच. अशा अंकांची चळत पुढ्यात घेऊन बसणे, जाहिरातींसकट ती चाळणे, कोणत्या वर्षी लोकांना कशाची चिंता होती हे मुखपृष्ठावरून ओळखणे, यात आमची दुपार गेली. आई एका जुन्या पाककृतीच्या पानावर अडकली होती. घरातल्या वहिनी कामातून उठून आल्या, ‘मावशी, ऊन येतंय तुमच्याकडं, खुर्ची अलीकडं घेते,’ म्हणाल्या, खुर्ची सरकवून दिली आणि परत आपल्या कामाला लागल्या. भिलारच्या सेवेचा दर्जा सांगायचा तर एवढाच प्रसंग पुरे आहे. कोणी मागे उभे राहून पुस्तक नीट धरा असे सांगत नाही, आणि कोणी दुर्लक्षही करत नाही.

मुलांसाठी बालसाहित्याचे घर आहे, पण भाच्याने तेथे फार वेळ काढला नाही. त्याला गडकिल्ल्यांचे घर अधिक मानवले, आणि ते साहजिकही होते, कारण वाईहून येताना त्याने पांडवगड पाहिला होता आणि परतीच्या वाटेवर कमळगड कोणता हे त्याला ओळखायचे होते. वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलाला बळेच कपाटासमोर बसवण्यापेक्षा ज्या गोष्टीचा आधीच नाद आहे तिच्या घराकडे नेणे बरे, आणि विषयवार वाटणीमुळे ते येथे सहज जमते. स्पर्धा परीक्षांच्या घराबद्दल मात्र मला थोडी शंका आहे. सुट्टीला आलेला माणूस ती पुस्तके उघडणार नाही हे खरे. पण गावातल्या आणि आसपासच्या मुलांना त्यांचा उपयोग होत असेल तर पर्यटकाने तक्रार करण्याचे कारण नाही. सगळे गाव पर्यटकासाठीच मांडलेले असावे ही अपेक्षाच चमत्कारिक आहे.

आता अडचणी. पहिली अशी की पुस्तक तेथेच बसून वाचायचे, घराबाहेर न्यायचे नाही. नियम रास्त आहे. हजारो अनोळखी लोकांच्या हाती पुस्तके सोपवली तर काही वर्षांत कपाटे रिकामी होतील. परंतु त्यामुळे चारशे पानांची कादंबरी हाती घेण्यात अर्थ उरत नाही. पन्नास पाने वाचून ती मिटायची आणि पुण्या-मुंबईत परतल्यावर शोधत बसायचे, असा प्रकार होतो. म्हणून माझा सल्ला असा की कादंबरीचे घर शेवटी ठेवावे आणि कविता, कथा, ललित लेख, दिवाळी अंक यांना आधी वेळ द्यावा, किंवा जी पुस्तके आता बाजारात मिळत नाहीत तेवढीच निवडून काढावीत. सोबत एक वही असावी. शीर्षक, लेखक आणि प्रकाशक टिपून ठेवले की परतल्यावर मागवता येते.

दुसरी अडचण वेळेची आहे आणि ती समजून घेतली तर अडचण राहत नाही. फाल्गुन-चैत्र हा या पट्ट्यात स्ट्रॉबेरीच्या हंगामाचा उत्तरार्ध असतो आणि तोडा सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी केला जातो. ज्या घरात कपाटे आहेत त्याच घरातली माणसे शेतात असतात. सकाळी आठ वाजता दारात उभे राहून कोणी दार का उघडत नाही म्हणून कुरकुरणारे पाहुणे आम्ही पाहिले. त्यांना हे घर आहे, कार्यालय नव्हे, याचा विसर पडला होता. सकाळी शेतावर किंवा पाचगणीच्या टेबललँड पठारावर फिरावे, साडेदहा-अकरानंतर वाचायला बसावे आणि भर दुपारी घरच्यांची जेवणाची वेळ टाळावी, एवढे पथ्य पाळले तर कोणाचीच गैरसोय होत नाही.

तिसरी गोष्ट पुस्तकांच्या प्रकृतीची. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेकडे सरकावे तसा तो झपाट्याने कमी होतो, तरीही भिलार-पाचगणीच्या पट्ट्यात पावसाळ्याचे महिने धुक्याचे आणि ओलीचे असतात. बंद कपाटातही कागद ओल धरतो, बांधणी सुटते, पानांना वास येतो. ग्रंथपाल असलेल्या सार्वजनिक वाचनालयांनाही हे सांभाळणे जड जाते. येथे तर ते शेती करणाऱ्या कुटुंबांनी सांभाळायचे आहे. म्हणूनच या गावाला जायचा योग्य काळ कोणता या प्रश्नाला माझे उत्तर होळीपासून गुढीपाडव्यापर्यंतचे पंधरा दिवस असे आहे. पुस्तके कोरडी असतात, अंगणात बसता येते, दुपारी सावलीत पंख्याची गरज भासत नाही आणि रात्री अंगावर शाल लागते. शाळांच्या परीक्षा चालू असल्यामुळे एप्रिल-मेमधली झुंबड अजून सुरू झालेली नसते. पाचगणीतले सिल्व्हर ओक याच सुमारास सोनेरी-केशरी फुलोऱ्याने भरतात, आणि महाबळेश्वरकडच्या जंगलात अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी झाकून जातात. पसरणी घाट चढताना पळस आणि पांगारा दिसतात ते वेगळेच. हा घाट ज्या पसरणी गावावरून जातो ते शाहीर साबळे यांचे जन्मगाव, एवढे गाडीतल्या लहानांना सांगायला हरकत नाही.

स्ट्रॉबेरीबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण भिलारच्या अंगणात बसून वाचताना हातात वाटी तीच असते. देशातल्या एकूण स्ट्रॉबेरीपैकी सुमारे ८५ टक्के उत्पादन महाबळेश्वर-पाचगणी परिसरातून येते असे सर्वत्र सांगितले जाते, आणि ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. मातृरोपे परदेशातून आणून त्यांची रोपवाटिका करतात, पावसाळा सरताना गादीवाफ्यांवर मल्चिंग पेपर अंथरून, ठिबकची नळी टाकून लागवड करतात, आणि नोव्हेंबर-डिसेंबरपासून तोडा सुरू होतो. थंडी संपत आली की फळाचा आकार लहान होतो, परंतु मार्चमधले छोटे, गडद लाल फळ डिसेंबरमधल्या मोठ्या फळापेक्षा गोड असते, असे मला तरी वाटते. शेतकऱ्यांमध्ये यावर एकमत नाही. दर मात्र या दिवसांत उतरलेले असतात. एक गोष्ट नक्की: स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर आंब्यासारखी पिकत नाही, रंग थोडा बदलला तरी गोडी वाढत नाही. त्यामुळे देठाजवळ पांढरे असलेले फळ ‘घरी जाईपर्यंत तयार होईल’ या भरवशावर घेऊ नये. रस्त्याकडेच्या टपरीवर पनेट, म्हणजे फळांची लहान डबी, घेताना वरचा थर बाजूला सारून खालचा पाहावा. विकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

ज्यांना उत्सवाचे वातावरण हवे आहे त्यांच्यासाठी याच रस्त्यावर गुरेघरला मॅप्रोच्या बागेत ईस्टरच्या शनिवार-रविवारला धरून स्ट्रॉबेरी महोत्सव भरतो. ही कंपनी १९५९ साली पाचगणीत स्ट्रॉबेरीच्या जॅमपासून सुरू झाली, त्यामुळे महोत्सव बाहेरून आणून बसवलेला नाही. स्ट्रॉबेरी क्रीम, लोकनृत्ये, मुलांसाठी खेळ असा तो सगळा थाट असतो आणि ज्यांना गर्दीत रमते त्यांना तो आवडतो. पण भिलार आणि हा महोत्सव एकाच दिवसात उरकण्याचा बेत करू नये. महोत्सवाच्या दिवशी पाचगणी–महाबळेश्वर रस्त्यावर मोटारींची रांग लागते, आणि त्या रांगेतून सुटून आलेल्या माणसाचे मन कवितेत लागणे कठीण. माझ्यापुरते सांगायचे तर ईस्टरचा आठवडा टाळून आधीचा किंवा नंतरचा आठवडा मी निवडेन.

मधाची आवड असणाऱ्यांनी याच तालुक्यातले मांघर ध्यानात ठेवावे. २०२२ साली ते देशातले पहिले ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झाले. सातेरी मधमाश्यांच्या पेट्या हा या भागातला जुना जोडधंदा आहे आणि जांभूळ, हिरडा यांच्या फुलोऱ्यावरचा मध वसंतानंतर हाती येतो. भिलारहून ते वाटेवर नाही, प्रतापगडच्या बाजूला आहे. म्हणून प्रतापगडाचा बेत असेल तरच तिकडे वळावे.

जेवणाचे परीक्षण थोडक्यात आटोपते. भिलारमध्ये आणि आसपास आधी सांगून ठेवले तर घरगुती जेवण मिळते, आणि ते मुख्य रस्त्यावरच्या पाट्यांवर झळकणाऱ्या पंजाबी-चायनीज यादीपेक्षा शतपटीने चांगले असते. पिठले, भाकरी, खर्डा, वांग्याचे भरीत, वर ताक. खर्डा मागताना कमी तिखट हवा असे सांगितले तरी तो तिखटच येतो. सामिष खाणाऱ्यांना मटणाचा तांबडा रस्सा आणि भाकरी मिळते. त्यासाठी आदल्या दिवशी सांगावे लागते. मुक्कामाबाबत आमचा अनुभव संमिश्र होता. आम्ही उतरलो होतो त्या निवासाचे नाव घेत नाही, पण ‘शांत परिसर’ अशी जाहिरात करणाऱ्या त्या ठिकाणी शनिवारी रात्री शेजारच्या हिरवळीवर कोणाच्या तरी वाढदिवसाचा ध्वनिक्षेपक बराच उशिरापर्यंत चालू होता, आणि विचारणा केल्यावर ‘वीकेंडला असंच असतं’ एवढेच उत्तर मिळाले. खोली ठरवताना जवळपास समारंभाची हिरवळ आहे का, हे विचारून घ्यावे. गावातल्या घरांत राहण्याची सोय मिळाली तर ती निःसंशय अधिक चांगली.

रविवार आम्ही वाईला दिला आणि तो दिला नसता तर हा मुक्काम अर्धवट राहिला असता. ज्या तालुक्याच्या गावी मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे, जेथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली विश्वकोशाच्या नोंदी तयार झाल्या आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड वाचकांच्या हाती आला, ते गाव पुस्तकांच्या गावापासून एका घाटाच्या अंतरावर आहे. भिलारला जाणाऱ्या गाड्या वाईतून जातात, मेणवलीला चित्रपटांतला घाट पाहायला थांबतात, ढोल्या गणपतीला हात जोडतात आणि पुढे जातात. ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ साली गणपतराव रास्ते यांनी बांधले. त्याची मागची भिंत माशाच्या आकारात निमुळती करून पुराचे पाणी दुभंगेल अशी योजना केलेली आहे. देवळाला प्रदक्षिणा घालताना ती मुद्दाम पाहावी, कारण समोरून ती दिसत नाही.

वाईचा कृष्णाबाईचा उत्सव माघ-फाल्गुनात असतो. अफजलखानाच्या स्वारीचे संकट टळावे म्हणून कृष्णामाईला केलेल्या नवसातून तो सुरू झाला अशी परंपरा सांगितली जाते, म्हणजे तिचा धागा १६५९ सालापर्यंत जातो. गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, गंगापुरी अशा सात घाटांवर तो आळीपाळीने होतो. नदीच्या काठी मांडव पडतो, त्यात देवी बसते, कीर्तने-प्रवचने होतात, बायकांची हळदीकुंकवे होतात, जेवणाच्या पंगती उठतात, आणि एका घाटाचे दिवस संपले की पुढच्या घाटाचे सुरू होतात. पाहुण्याने यात करायचे काय, असे कोणी विचारेल. संध्याकाळी घाटाच्या पायरीवर बसून कीर्तन ऐकावे. कोणी आडकाठी करत नाही, आणि प्रसाद घेतल्याखेरीज कोणी जाऊही देत नाही. या उत्सवाची आखणी पर्यटकाला डोळ्यांपुढे ठेवून झालेली नाही आणि त्याचमुळे तो भिलारच्या घरांशी जुळतो: दोन्हीकडे यजमान स्वतःचे काम करत असतात आणि आपण त्यांच्यात जाऊन बसायचे असते. फाल्गुनाच्या अखेरीस जाणाऱ्यांनी मात्र उत्सवाचे दिवस संपले नाहीत ना, हे वाईतल्या ओळखीच्या माणसाकडून आधी विचारून घ्यावे, कारण तिथी दरवर्षी पुढेमागे होतात.

रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनला बगाड यात्रा असते. होळीच्या रात्री भैरवनाथाच्या देवळात कौल लावून बगाड्या, म्हणजे बगाडाच्या गाड्यावरच्या शिडाला बांधून घेणारा माणूस, ठरतो, आणि रंगपंचमीच्या दिवशी कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून गावापर्यंत, उंच शिडाला बांधलेल्या बगाड्यासह, बैलांच्या जोड्या बदलत बदलत तो अवजड गाडा शेताशेतांतून ओढत आणला जातो. हे दृश्य जन्मभर लक्षात राहण्याजोगे आहे हे मान्य करूनही, भिलारच्या बेताशी त्याची सांगड घालावी असे मी सुचवणार नाही. त्या दिवशी परिसरातील रस्ते भरून वाहतात, उन्हात तासन्‌तास उभे राहावे लागते, आणि बैलांचे हाल पाहवत नाहीत अशी आमच्या आईसारखी माणसे सोबत असतील तर तो दिवस त्यांच्यासाठी नकोच. रंगपंचमी शनिवारी-रविवारी आली असेल तर पाचगणीकडे जाणाऱ्यांनी वेळेचे गणित नव्याने मांडावे.

भिलारनंतर ही योजना वेरूळ, पोंभुर्ले, अंकलखोप आणि नवेगाव बांध येथे नेण्याचा निर्णय शासनाने घेतला. निवड विचारपूर्वक केलेली दिसते: पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकर यांचे गाव, तर वेरूळला आणि नवेगाव बांधला पर्यटक आधीपासून येतच असतात. तरीही भिलारला जे लाभले आहे ते सगळीकडे मिळेल असे नाही. येथे हवा थंड आहे, मुक्कामाची सोय आहे, आणि पाहुण्याशी बोलण्याचा सराव असलेली, पण त्याच्यावर पूर्णपणे अवलंबून नसलेली कुटुंबे आहेत. वेरूळला आलेला माणूस लेणी पाहून दमलेला असतो. त्याला पुस्तकापाशी बसवायचे तर संध्याकाळच्या वेळी काहीतरी योजावे लागेल.

संध्याकाळचा प्रश्न भिलारलाही आहे. अंधार पडल्यावर वाचनाला आलेल्या पाहुण्याकडे करण्यासारखे काही उरत नाही. हंगामातल्या शनिवारी एखाद्या अंगणात तासभर अभिवाचन झाले, गावातल्याच मुलांनी कविता म्हटल्या, एखाद्या शेतकऱ्याने स्ट्रॉबेरीच्या वाणांविषयी सांगितले, तर मुक्काम करण्याला आणखी एक कारण मिळेल. त्यासाठी मंडप नको, ध्वनिक्षेपक तर मुळीच नको. तसेच कोणते पुस्तक कोणत्या घरी आहे याची एकत्र यादी गावात शिरतानाच हाती पडली, तर विशिष्ट पुस्तकाच्या शोधात आलेल्या अभ्यासकाची पायपीट वाचेल. चौथी-पाचवीच्या मुलांना घेऊन येणाऱ्या शिक्षकांनाही तिचा उपयोग होईल.

माझ्या मते ज्येष्ठ वाचक, मराठीचे शिक्षक, परदेशी वाढत असलेल्या मुलांना मराठी पुस्तकांच्या सहवासात दोन दिवस ठेवू पाहणारे आईवडील आणि कोणत्याही कारणाने घरी वाचन मागे पडलेली माणसे यांनी भिलारला अवश्य जावे. ज्यांना सहलीत सतत काहीतरी घडावे लागते त्यांनी गुरेघर, वेण्णा लेक आणि महाबळेश्वरची बाजारपेठ गाठावी. तेथे त्यांचा वेळ अधिक चांगला जाईल. स्वारगेटहून महाबळेश्वरला जाणाऱ्या एसटी वाई-पाचगणीमार्गे जातात, तेव्हा स्वतःची गाडी नसली तरी पाचगणीला उतरून पुढे भिलार गाठता येते. गाडी असलेल्यांनी परतीसाठी रविवारची दुपार टाळावी. त्या वेळी घाटात आणि पुढे महामार्गावर पुण्याकडे जाणारी रांग लागते, आणि थंड हवेत कमावलेले सगळे खंबाटकी घाटाच्या आधीच संपून जाते. शक्य असेल तर रविवारची रात्र वाईत काढून सोमवारी पहाटे निघावे, आणि स्ट्रॉबेरी घ्यायच्या असतील तर त्या शेवटच्या संध्याकाळीच, न धुता, उथळ खोक्यात एकाच थरात भरून घ्याव्यात.